ठाण्यातली बंदूक

सॅन अँटोनिओ, टेक्सास
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्यात तू घाबरतेस, म्हणून लिहायला बसले. वहिनी वाचून दाखवेल. मी बरी आहे. जेवते. खोकला गेला. तू दिलेली सोलं अजून आहेत, कुळथाचं पीठ मात्र संपलं.

आता मुद्द्यावर येते. घरमालकीण बाईंकडे बंदूक आहे हे मी वहिनीला सहज बोलले, ते तुझ्यापर्यंत पोचलं आणि तू दोन रात्री झोपली नाहीस असं दादा म्हणाला. आधी एक ऐकून घे. माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला इथे बंदूक किंवा गोळी बाळगायला केंद्राच्या कायद्यानेच मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे काढला तर सूट मिळते, पण मला कुठे रानडुकरं मारायचीत! बाईंनी एकदा कौतुकाने ती माझ्या हातात द्यायला पुढे केली, रिकामी करून, तर मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. त्या हसल्या. मी नाही हसले. तेव्हा तुझ्या मुलीच्या हातात बंदूक नाही, नव्हती आणि येणारही नाही.

राहिली बाईंची. हे जरा सविस्तर सांगते, कारण इथे येऊन तीन वर्षं झाली तरी मला स्वतःलाच ते नीट पचलेलं नाही.

यांच्या घरात दाराजवळ एक लाकडी ताटली असते. त्यात गाडीची किल्ली, वाचायचा चष्मा, रुमाल, छोटा चाकू, आणि चामड्याच्या खोळीत रिव्हॉल्व्हर. सकाळी निघताना बाई एकेक वस्तू उचलतात आणि जागच्या जागी ठेवतात. रिव्हॉल्व्हरला पर्समध्ये वेगळा कप्पा आहे. बाबा कसे खिशात पानाची चंची, तंबाखूची डबी, पाकीट असं चाचपून मगच उंबरा ओलांडायचे, अगदी तसं. बंदुकीसाठी वेगळा विचार करायचा नाही, अशी ही सवय. सप्टेंबर २०२१ पासून तर टेक्सासात एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला छोटी बंदूक सोबत बाळगायला परवानाही लागत नाही. बाई चर्चलासुद्धा नेतात.

पण कुठेही घुसता येतं असं नाही हं. ज्या दुकानदाराला बंदूक नको असेल तो दारावर पाटी लावतो. तीही कशीही नाही. इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, एक इंच उंचीची अक्षरं, लांबून दिसतील अशी. कायद्याच्या कलमावरून तिला म्हणायचं ‘तीस-शून्य-सहा’. उघड लटकवलेल्या बंदुकीची पाटी वेगळी, ती ‘तीस-शून्य-सात’. दारूच्या बारवर लाल रंगात ‘५१ टक्के’ लिहिलेलं असतं. मला आधी वाटलं, सूट आहे! निम्म्याहून जास्त कमाई तिथे बसून प्यायच्या दारूची असेल तर आत बंदूक चालत नाही, असा त्याचा अर्थ. आता माझंही लक्ष आधी काचेवरच्या पाट्यांकडे जातं. देवळाबाहेर चपला कुठे काढायच्या ते जसं आपण न विचारता बघतो, तसं.

तू म्हणशील, बाईमाणसाला बंदूक कशाला? आई, हे तू विचारायचं? बाबा मुंबईला गेले की आपल्या घरी रात्री केळीत डुकरं शिरल्यावर पडवीत बंदूक घेऊन कोण उभं राहायचं? भरलेली नव्हती हे मला खूप उशिरा कळलं. डुकरांना कळलं नव्हतं.

बाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. रिव्हॉल्व्हर त्यांच्या वडलांचं. त्यांचं गुरांच्या खाद्याचं दुकान होतं, गल्ल्यातली रोकड घेऊन संध्याकाळी एकटे परतायचे, म्हणून १९६२ साली घेतलं. स्मिथ अँड वेसन कंपनीचं, पाच गोळ्यांचं, नळी जेमतेम दोन इंच, वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. याला ‘चीफ्स स्पेशल’ म्हणतात. १९५० मध्ये पोलीसप्रमुखांच्या परिषदेत हा नमुना मांडला आणि नाव त्यांनीच मतं देऊन ठरवलं. ही गोष्ट बाई मला निदान चार वेळा सांगून चुकल्यात.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून त्या ते साफ करतात. गोळ्या काढून वाटीत मोजतात, पाच. मग चकरीच्या पाचही भोकांतून आणि नळीतून पितळी ब्रश फिरवतात. लोखंडावरचा निळसर काळा मुलामा एका बाजूला पार उडालाय, खाली राखाडी धातू दिसतो. वडलांच्या कमरेच्या घामाने तो खाल्ला, म्हणतात. अक्रोडाच्या लाकडाच्या मुठीला खालच्या कोपऱ्यात टवका आहे. गाडीच्या मागच्या फळीवर पडून उडालेला. दुरुस्त करून देतो म्हणून बंदुकीचा कारागीर मागे लागला होता, बाईंनी करू दिलं नाही. मुठीवर अंगठा जिथे टेकतो तिथे एक गुळगुळीत खळगा पडलाय, आपल्या पाट्याला मधोमध पडलाय तसा. बाईंचा अंगठा त्यात थोडा सैल बसतो.

त्यांचा भाचा यावरून भांडतो. त्याचं म्हणणं खोटंही नाही. तो म्हणतो, आजोबांची आठवण आहे तर तिजोरीत ठेव. रोज वापरायला नवं प्लास्टिकच्या मुठीचं पिस्तूल घे, हलकं, दहा गोळ्यांचं. आणि देव न करो, कधी चालवायची वेळ आली तर पोलीस पुरावा म्हणून घेऊन जातील, महिनोन्महिने परत मिळणार नाही, कुठल्या कोठारात गंजत पडेल. बाईंनी त्याला एका वाक्यात गप्प केलं. म्हणाल्या, “तिजोरीत कागद ठेवायचे असतात.”

कोठारात गंजत पडेल हे ऐकलं आणि मी चहा करायचं निमित्त करून उठले.

ब्रशला लावतात त्या औषधाला पिकलेल्या केळ्यांचा आणि रॉकेलचा मिळून असा काहीतरी वास येतो. तो आला की मी थेट पडवीत असते. बाबा मांडी घालून बसलेत, गजाला तुझ्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून बारा बोअरच्या बंदुकीच्या नळीतून ओढतायत, आणि मी जवळ सरकले की, “हात लावू नको गो, भरलेली आसा.” कधीच नसायची.

बाईंना मी आपली पद्धत सांगितली तर त्यांचा विश्वास बसेना. शेतीसंरक्षणाचा परवाना, त्याचं नूतनीकरण, निवडणूक लागली की गावातल्या सगळ्यांनी आपापली बंदूक ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर पावती दाखवून आणायची. बाबा धोतरात गुंडाळून न्यायचे, जणू पोर दवाखान्यात चाललंय. इथेही निवडणूक आहे, ५ नोव्हेंबरला. मतदानाच्या जागी बंदूक न्यायची नाही, एवढाच नियम. बाई या आठवड्यातच जाऊन मत देणार, रिव्हॉल्व्हर गाडीत कुलपात ठेवून. वडील गेल्यावर त्यांना काय कागद करावे लागले विचारलं, तर म्हणाल्या, कसले कागद? आईने ताटलीतून उचलून हातात दिलं.

हे मला बरोबर वाटतं असं समजू नकोस. उवाल्डे इथून दीडशे किलोमीटरच्या आत आहे. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या शाळेत गोळीबारात एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, तेव्हा तू रात्रभर फोन करत होतीस. तो विषय निघाला की बाई टेबलावरचं वर्तमानपत्र घड्या घालून ठेवतात आणि आम्ही दोघीही बोलत नाही. कागद नकोच हे त्यांचं म्हणणं मला पटत नाही. पण कागद हवेत म्हणणाऱ्या मीच एक कागद दीड वर्षं केला नाही, हे त्यांना सांगायचं धाडस झालं नव्हतं.

खंडेनवमीचा फोटो दादाने पाठवला. पाटावर कोयती, नांगराचा फाळ, मग मोकळी जागा, आणि तिथे वहिनीने बाबांचा काडतुसांचा रिकामा पट्टा ठेवून त्यावर झेंडू वाहिलाय. दादा एका शब्दाने बोलला नाही. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

आई, बाबांची बंदूक ठाण्यातून सुटायला आणि दादाच्या नावावर परवाना व्हायला वारसांची ना हरकत लागते. तुझी झाली. राहिली माझी एकटीची. वकिलात ह्यूस्टनला आहे, तीन तासांची वाट, रजा मिळत नाही, हे मी तुम्हाला सांगत आले. सगळं खरं आहे, आणि ह्यूस्टनला मी दोनदा खरेदीला जाऊनही आले आहे. दादाने पाठवलेल्या मसुद्यात पहिल्याच ओळीत बाबांच्या नावाआधी ‘मयत’ आहे. मी दहाव्याला पोचले. मी काही पाहिलं नाही. त्या ओळीखाली सही करायला हात होत नव्हता. त्यात मीच दादाला म्हणाले होते, कशाला हवंय ते जुनं लोखंड, देऊन टाक. ते त्याने तुला सांगितलं नसेल. वहिनी, हे वाचलंस तरी चालेल.

तर ३० तारखेची वेळ घेतली आहे. सही करून, शिक्का मारून कागद कुरिअरने येईल. आपल्याकडेही निवडणूक लागलीच आहे, गावातल्या बाकीच्यांच्या बंदुकाही आता ठाण्यात जातील. निकालानंतर त्या परत येतील तेव्हा लगेच नाही, पण पुढे कधीतरी आपलीही येईल. पावसाळ्यात नळीने गंज धरला असं दादा म्हणाला होता. किती, ते विचारायचं मी टाळते आहे.

पैशाचं. साठ हजार पाठवलेत, त्यातून आधी कौलं आणि वाशांचं बघा. कुंपणाचे दिवाळीनंतर. दादाने सोसायटीच्या कर्जाचा आकडा मला खरा सांगावा, वहिनीकडून कळायला नको. मे महिन्यात येईन म्हटलं होतं ते बहुतेक जमणार नाही. व्हिसाचा शिक्का नव्याने घ्यावा लागेल, त्यात अडकले तर नोकरी जाते. रागावू नकोस. वर्षश्राद्धालाही मी हेच सांगितलं होतं, लक्षात आहे माझ्या.

आणि डॅलसचा मुलगा. बोलले, दोनदा. पहिल्या फोनला चाळीस मिनिटं त्याने घराच्या कर्जाचे हप्ते समजावले. दुसऱ्या वेळी मीच बंदुकीचं सगळं सांगितलं. मधे एकदाही बोलला नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, “एवढ्यासाठी सही अडलीय का? मी येऊ का सोबत?” नको म्हटलं. एवढ्यावरून लगेच पत्रिका बाहेर काढू नका. मावशीला तर मुळीच सांगू नका.

सोबत बाई येणार आहेत, गाडीही त्याच चालवणार. त्यांना अखेर सगळं सांगितलं. रिव्हॉल्व्हर वकिलातीत नेता येणार नाही, गाडीतच ठेवावं लागेल, हे मी त्यांना तीनदा बजावलंय.

तब्येत सांभाळ. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
बाय

ता. क. दादाला सांग, बंदूक घरी आली की नळीत खोबरेल घालू नको, थंडीत थिजतं. बाबा शिवणयंत्राचं तेल वापरायचे. बाटली फडताळात वरच्या खणात असेल, सुतळीच्या मागे.