आमच्या वाचनालयाचं बोधचिन्ह पुन्हा रेखणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या वाचनालयाची स्मरणिका छापून आली, वाटूनही झाली. प्रकाशनाच्या दिवशी लेखक, देणगीदार, जाहिरातदार सगळ्यांचे आभार मानले गेले. छापखान्यात संगणकापुढे बसून ती छापण्याजोगी केलीत तुम्ही, आणि तुमचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

समई आणि उघडं पुस्तक हे आमचं बोधचिन्ह एका जुन्या लेटरहेडवर तेवढं उरलं होतं, तेही अंगठ्याच्या नखाएवढं. ते मुखपृष्ठावर हवं होतं, पाकिटावर हवं होतं आणि फाटकावरच्या दहा फुटी फ्लेक्सवरही. स्कॅन ताणून मोठं केलं की ज्योतीची कड कशी पायऱ्यापायऱ्यांची होते, हे तुम्ही पडद्यावर दाखवलंत. मग कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन खाली ठेवून तुम्ही वरून ते नव्यानं रेखलंत. आपोआप ट्रेस करायची सोय होती, पण तिनं एका ज्योतीवर नोडची, म्हणजे रेघेला वळण देणाऱ्या बिंदूंची, नुसती गर्दी केली. तुम्ही ते सगळं पुसून मोजक्या नोडवर तीच वळणं हातानं बसवलीत. मोटारींच्या पत्र्याची वळणं गणितात मांडण्यासाठी रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात मोजक्या बिंदूंवरून वळण बसवायची जी रीत रुळवली, ती आमच्या समईच्या कामी आली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

व्हेक्टर (रेघांचं चित्र) आणि रास्टर (ठिपक्यांचं चित्र) हे शब्द मी आधी ऐकले होते. त्यांतलं मर्म मात्र तुमच्यामुळे कळलं. छपाईच्या प्लेटवर शेवटी सगळं ठिपक्यांतच उतरतं; प्रश्न एवढाच, की ते ठिपके कधी पडतात आणि कोण पाडतं. फोटोत ते कॅमेऱ्यानं किंवा स्कॅनरनं आधीच पाडलेले असतात, आणि जेवढे पडले तेवढेच. व्हेक्टरमधली रेघ प्लेट काढणाऱ्या यंत्रापर्यंत रेघच राहते, आणि ते यंत्र इंचाला साधारण २४०० ठिपक्यांच्या बारकाईनं ती उतरवतं. म्हणूनच एकच फाइल पाकिटालाही पुरली आणि फ्लेक्सलाही.

फोटोंच्या बाबतीत तुम्ही जराही सूट दिली नाहीत, हे फार बरं केलंत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला संस्थापकांचा फोटो लांबीला १६०० पिक्सेलचा होता. छापायला इंचाला तीनशे पिक्सेल हवेत, म्हणून तीनशेनं भागून तुम्ही सांगितलंत, ‘सुमारे सव्वापाच इंच. पानभर नको.’ ए-फोर पानभर फोटोला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, हेही तेव्हाच कळलं. तीनशेच का, असं विचारल्यावर तुम्ही भिंग हातात दिलंत आणि छापील कागदावरची ठिपक्यांची जाळी दाखवलीत. इंचाला दीडशे ओळींची जाळी, म्हणून फोटोत तिच्या दुप्पट पिक्सेल. कोरलमध्ये किंवा पीडीएफमध्ये बसवला म्हणून जेपीईजी फोटो व्हेक्टर होत नाही, हे तुम्ही आमच्या समितीतल्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलंत, न कंटाळता. मग तुमच्या सांगण्यावरून मूळ फोटो संस्थापकांच्या नातींकडून मागवला आणि ६०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांनी, स्कॅन केला. दुप्पट मोठा करूनही तीनशे उरले. त्यात आता त्यांच्या चष्म्याची काडीसुद्धा दिसते.

सगळ्यात मोठे उपकार मजकुरासाठी. अध्यक्षांचं मनोगत चित्र म्हणून आलं होतं. तसंच छापलं असतं तर बारीक टायपात अनुस्वार आणि रफार शिरोरेघेत बुजले असते, शिवाय काळी अक्षरं चार रंगांत फुटून, रंग केसभर सरकले तरी कडा धूसर झाल्या असत्या. तुम्ही दोन्ही पानं नव्यानं टाइप केलीत, अक्षरं निव्वळ काळ्यात ठेवलीत आणि दुसऱ्या संगणकावर फॉन्ट बदलू नये म्हणून शेवटच्या प्रतीत ती कर्व्ह करून, म्हणजे रेघांच्या आकृतीत बदलून, दिलीत. दुरुस्तीसाठी टाइप केलेली प्रत वेगळी राखलीत. बिलात यातलं काहीच लावलं नव्हतं. आमचे ऐंशीच्या घरातले वाचक भिंगाशिवाय ते मनोगत वाचू शकले.

बोधचिन्हाची मूळ फाइल आणि पीडीएफ आता वाचनालयाच्या संगणकात आहे, एक प्रत कार्यवाहांकडे पेनड्राइव्हवर आहे. शेजारच्या गावच्या वाचनालयालाही त्यांचं चिन्ह असंच रेखून हवं आहे. त्यांना तुमच्याकडे पाठवते आहे, आणि कामाचे पैसे आधी ठरवायला सांगितलं आहे. स्मरणिकेच्या दोन प्रती तुमच्यासाठी बाजूला ठेवल्या आहेत. पुढच्या आठवड्यात छापखान्यात आणून देते.

आपली नम्र,
स्मरणिका समितीतली एक सभासद