चार ओळींत न मावलेले काका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भोसरीच्या एका जुन्या कारखानदारांची निधनवार्ता गेल्या आठवड्यात आपल्याकडे चार ओळींत आली. ‘ज्येष्ठ उद्योजक’, पश्चात पत्नी, मुलगा, नातवंडे. ते हवाई दलात कॅनबेरा बॉम्बरचे पायलट होते, याचा त्यात पत्ताच नाही. आमच्या सोसायटीत सगळे त्यांना स्क्वाड्रन लीडर काका म्हणत.

१८ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकणारी कॅनबेरा विमाने आपल्या लोहगावहून गेली होती. काका तेव्हा तिथेच होते. धावपट्टी फोडायची, विमानतळाच्या इमारतीला धक्का लावायचा नाही, असा हुकूम. पुण्यात गोवामुक्ती म्हटली की १९५५चा सत्याग्रह, नानासाहेब गोरे, सेनापती बापट. ते योग्यच, पण लोहगावचे नाव कोणी काढू नये?

१९६५च्या युद्धाबद्दल विचारले, की काका विमानाच्या रचनेवर घसरत. त्यांच्या कॅनबेरात दोघेच जण, आणि इजेक्शन सीट, म्हणजे संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, फक्त पायलटला. नॅव्हिगेटर पुढे नाकाडात. बॉम्ब टाकताना पालथा पडायचा. वेळ आलीच तर त्याने बाजूच्या दारापर्यंत पोचून उडी मारायची. “हँडल माझ्या हाताशी, आणि तो तिथे खाली. ओढणार कसं?” याच्यापुढे ते बोलत नसत.

हवाई दल सोडून त्यांनी एमआयडीसीत गाळा घेतला. पत्र्याचे पार्ट काढायचे. मी त्यांचे हिशेब बघत असे. पॉवर प्रेसला पायाचे पेडल असले की माल भराभर निघतो, बोटेही जातात. काकांनी पेडल काढून दोन बटणे बसवली; दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही. पीस-रेटवरच्या पोरांनी एक बटण चिंधीने बांधून टाकले, तेव्हा काकांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला होता. माल वेळेत निघेना, ऑर्डरी गेल्या. मी पेडलसाठी भांडलो, पण ते बधले नाहीत. धंदा बेताचाच राहिला. माणूस हट्टी होता, हेही लिहायला हवे.

कॅनबेरा १९५७ ते २००७ हवाई दलात होती. ती उडवणारी माणसे पुण्यात अजून असणार. त्यांच्या निधनवार्तेची वाट न बघता येत्या १९ डिसेंबरच्या, गोवा मुक्तिदिनाच्या अंकासाठी बातमीदार पाठवा. माजी सैनिकांच्या साळुंके विहारपासून सुरुवात करता येईल. आधी फोन करून आणि दिलेल्या वेळेला जावे; ही मंडळी पाच मिनिटांचा उशीरही खपवून घेत नाहीत.

– एक वाचक, पुणे