निळ्या संध्याकाळचा विदूषक

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जाणार आहेस, तर अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरचे ‘स्वार ब्लू’, म्हणजे ‘निळी संध्याकाळ’, हे चित्र सध्या मांडलेले आहे का, ते आधी विचारून घे.

१९०६ ते १९१० या काळात हॉपर तीनदा पॅरिसला जाऊन आला होता. त्या आठवणींवरून १९१४ साली त्याने सहा फूट रुंदीच्या कॅनव्हासवर एक कॅफे रंगवला. वर कागदी कंदील, डावीकडे सिगारेट ओढणारा एकटा माणूस, मध्ये पाठमोरा लष्करी अधिकारी आणि एक दाढीवाला, उजवीकडे उंची पोशाखातले जोडपे. आणि त्यांच्यातच पांढऱ्या झग्यातला, गळ्याला चुणीदार झालर असलेला, रंगवलेल्या ओठांत सिगारेट धरून बसलेला विदूषक. कोणीही कोणाशी बोलत नाही.

इतकी वर्षे हौशी नाटकांची प्रकाशयोजना केल्यामुळे मला हे दृश्य रंगमंचावरचे न वाटता रंगपटातले वाटते. पडदा पडल्यावर, खोबरेल तेल चोळून तोंडाचा रंग उतरवण्याआधी, नट पाच-दहा मिनिटे तसाच बसून राहतो. बशीतला चहा निवतो, आणि त्याला भूमिकेच्या नावाने हाक मारावी की त्याच्या स्वतःच्या, हेच आपल्याला उमगत नाही. हॉपरने त्या नटाला भर कॅफेत आणून बसवले आहे. कठड्यामागे उभ्या असलेल्या बाईचा चेहराही तितकाच भडक रंगलेला आहे. मात्र तिला नटी कोण म्हणणार?

१९१५ मध्ये हे चित्र प्रदर्शनात मांडले तेव्हा समीक्षकांना ते रुचले नाही, आणि हॉपरने हयातीत ते पुन्हा कधी मांडले नाही. (माझ्या मते समीक्षक चुकले, पण त्याचे गप्प बसणे मी समजू शकतो.) त्याच्या मृत्यूनंतर, पत्नी जोसेफिनच्या इच्छेनुसार, ते व्हिटनीकडे आले. गंमत अशी, की १९६६ मधल्या त्याच्या अखेरच्या चित्रात पांढऱ्या वेषातले दोन विदूषक हात धरून प्रेक्षकांचा निरोप घेतात, आणि ते दोघे म्हणजे आपणच नवरा-बायको, असे जोसेफिनने सांगितले होते.

माझ्याकडच्या छापील प्रतीत ‘स्वार ब्लू’मधल्या विदूषकाचे डोळे मिटलेले आहेत की खाली झुकलेले, हे नीट कळत नाही. तेवढे जवळ जाऊन पाहा आणि कळव.

तुझा,
बाबा