आई, मी वाळले नाही गं

पाचपाखाडी, ठाणे
रविवार, दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तुझा आवाज भरून आला ते काही केल्या मनातून जात नाही. व्हिडिओ कॉलवर माझी गालफडं बसलेली दिसली म्हणालीस, आणि मी काही सांगायच्या आत फोन बाबांच्या हातात दिलास. म्हणून मुद्दाम कागद-पेन घेऊन बसले आहे. फोनवर आपलं बोलणं नेहमी अर्धवट राहतं, इकडे माझा कुकर आणि तिकडे तुमची मालिका. पत्र कसं, बाबा मोठ्याने वाचून दाखवतील, आणि दुपारी सगळं आवरल्यावर तू पुन्हा एकदा चष्मा लावून एकटी वाचशील.

आधी काळजीचं बोलते. मी आजारी नाही. उपाशी राहत नाही. घरात मला कुणी काही बोललेलं नाही, तुमचे जावई तर तुझ्यासारखेच ‘अजून एक घे’ म्हणणारे आहेत. वजन थोडं उतरलं आहे हे खरं, पण व्यायाम आणि खाण्यातला बदल मी वजनासाठी सुरू केला नव्हता. मला अंगात ताकद हवी होती.

तुम्ही आमचं स्टेशन पाहिलं आहे. ऐरोलीला ऑफिसला जायचं तर ट्रान्स हार्बरची गाडी नऊ-दहा नंबरवरून सुटते. आपण पश्चिमेकडून येणार, म्हणजे पूल चढून अख्खं स्टेशन ओलांडायचं आणि पलीकडे उतरायचं. गेल्या पावसाळ्यात खांद्यावर लॅपटॉप, हातात डबा आणि छत्री घेऊन तो जिना चढले की वर पोचल्यावर कठडा धरून उभं राहावं लागायचं. छाती धडधडायची. मागून माणसांचा लोंढा, खाली गाडी लागलेली दिसते आहे, आणि पाय उचलत नाहीत. चाळिशी अजून गाठायची आहे मला. घाबरले होते, आणि तुम्ही घाबराल म्हणून तेव्हा कळवलं नाही.

आमच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्त ठीक, थायरॉईड ठीक, ईसीजी ठीक, साखर मात्र काठावर. मग त्यांनी टेप काढून माझी कंबर मोजली. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असावी आणि पुरुषांची ९० च्या, त्यापुढे गेली की साखरेचा आणि हृदयाचा धोका वाढतो, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, पण मी काही लठ्ठ नाही. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते बाबांसाठी सविस्तर लिहिते, बाबांना आवडेल.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला होता. फोटोत ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा बीएमआय दोघांचाही तोच, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! आपण भारतीय वरून बारीक दिसलो तरी आत स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाभोवती. मधुमेह आपल्याला लवकर गाठतो त्यामागे हे एक मोठं कारण आहे. बाबा, तुम्ही आयुष्यभर शिडशिडीत, तरी तुमचा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट ६.२ टक्के आला तेव्हा आपण सगळे चक्रावलो होतो, आठवतं? ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. तुमचं नेमकं काय झालं असेल ते मला त्या दिवशी उमगलं.

जेवल्यावर रक्तात जी साखर येते तिला साठवायला शरीरातली सगळ्यांत मोठी जागा म्हणजे स्नायू. ते झिजले की साखर जाणार कुठे? आणि तिशी ओलांडल्यापासून ते हळूहळू झिजतच असतात, साठीनंतर जास्त वेगाने. म्हणून आई, माझे गाल बघू नकोस. पुढच्या वेळी माझे दंड बघ.

आता खाण्याचं. बाहेरचं सोडलं म्हणून मी सुकले असं तुला वाटतं. बाहेरचं मी सोडलेलं नाही, आणि ठाण्यात राहून का सोडावं? संध्याकाळी राम मारुती रोडवरून चालत निघालं तर दर दहा पावलांवर काहीतरी तळलं जात असतं, भाजलं जात असतं. तलावपाळीवर फेरी मारून मुलांना काही न खिलवता घरी आणायचं म्हणजे पाप वाटतं. मामलेदारची मिसळ मी आजही तितक्याच आवडीने खाते, कपाळाला घाम फुटेपर्यंत. पाव एकच घेते, एवढंच.

बंद झालं ते रात्रीचं मागवणं. आम्ही दोघं साडेआठ-नऊला घरी पोचायचो, दमलेले, कुणातच पोळ्या लाटायचं त्राण नाही. मग मोबाईल काढायचा. बिर्याणी, नूडल्स, काजूच्या वाटणातली ती लाल-पिवळी पनीरची भाजी. दहाला जेवायचं आणि अकराला झोपायचं. त्या जेवणाची चवही लक्षात राहायची नाही, प्लास्टिकच्या डब्यांचा ढीग तेवढा सकाळी ओट्यावर असायचा. आता नियम असा, की दमलो म्हणून बाहेरचं नाही, कुणाला भेटायचं असेल, काही साजरं करायचं असेल तर बाहेर. तेव्हा मात्र नीट जायचं, बसून, गप्पा मारत खायचं.

दमलेल्या दिवसाची सोय रविवारी होते. मूग-मटकीला मोड आणून ठेवते, खोबऱ्याचं वाटण करून फ्रीजरमध्ये टाकते. तू दिलेलं कुळथाचं पीठ तर मला देवासारखं पावलं आहे. पिठलं दहा मिनिटांत होतं, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी तुमचे जावई थापतात (हो, शिकले, आणि माझ्यापेक्षा गोल थापतात). नातवाला लसणीची फोडणी घातलेलं आवडतं. कुळथाच्या १०० ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. तू लहानपणी थंडीत आम्हाला कुळथाचं कळण पाजायचीस, त्यात केवढी ताकद होती बघ.

गेल्या शनिवारी सासूबाईंचा वाढदिवस म्हणून सगळे मालवणी खाणावळीत गेलो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे सुरमई-पापलेट म्हणजे बर्फातलं आणि वर भाव चढलेला. वाढणारा मुलगा रत्नागिरीकडचा निघाला. तो हळूच वाकून म्हणाला, ‘काकू, आज तिसऱ्या घ्या, सकाळीच आल्यात.’ तिसऱ्यांचं सुकं घेतलं, सोलकढी घेतली. ओलं खोबरं, त्रिफळाचा वास, शिंपल्याच्या कडेला चिकटलेला मसाला बोटाने पुसून खाल्ला, थेट आपल्या पडवीत बसल्यासारखं वाटलं. भात शेवटी थोडा घेतला. सासूबाईंनी आमरस मागवला, त्यातला मी चार चमचे चाखला आणि मन भरलं. मला सारखं तुमची आठवण येत होती.

घरी परतताना गाडी न करता चालत आलो. जेवून दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी साखर एकदम चढत नाही. बाबा, तुमची शतपावली बरोबरच होती, फक्त अंगणातल्या अंगणात न घालता जरा लांब रेटा.

व्यायामाचं तर सांगितलंच नाही. सकाळी सहाला कचराळी तलावावर जाते. महापालिकेच्या इमारतीजवळचा, बाबांना तिथे बाकावर बसून पेपर वाचायला आवडला होता, तोच. या दिवसांत झाडांवरून पाणी ठिबकत असतं, पायातले बूट भिजतात, तरी माणसं येतातच. नव्वदीच्या घरातले एक आजोबा छत्री घेऊन फेऱ्या मारतात. आठवड्यातून काही दिवस तिथून जवळच्या एका छोट्या व्यायामशाळेत जाते. शिकवणारी मुलगी माझ्याहून खूप लहान, पण शिस्तीची. ‘ताई, पाठ सरळ. वजन टाचांवर. गुडघ्यातून नको, कंबरेतून वाका.’ १२ किलोचं लोखंडी वजन जमिनीवरून उचलायचं, सरळ उभं राहायचं, सावकाश खाली ठेवायचं. तिने पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा मला तूच दिसलीस. जुन्या घरी विहिरीच्या काठावरून भरलेली कळशी उचलायचीस ना, पाय रोवून, पाठ ताठ ठेवून, एका दमात कंबरेवर? अगदी तेच. त्या मुलीला मी सांगितलं, माझ्या आईला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आणि इथेच मला तुमच्याशी खरं बोलायचं आहे.

मे महिन्यात आले होते तेव्हा मी बघत होते. नळ आला, मिक्सर आला, गॅस आला, चांगलंच झालं, तुझे कष्ट वाचले. पण आता देवापुढून उठताना तू एका हाताने कपाटाची कडी धरतेस आणि दुसरा हात जमिनीवर टेकवतेस. पूजेला पाट सोडून स्टूल घेतलंस. बाबा खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटतात, आणि उठल्यावर क्षणभर तसेच थांबतात. तुम्ही म्हणाल, वय झालं. वय झालं हे खरं, पण वय झालं म्हणून स्नायू परत येत नाहीत हे खरं नाही. सत्तरीत सुरुवात केली तरी ताकद वाढते. माझे डॉक्टर सांगतात, म्हातारपणी माणूस पडतो तो पाय अशक्त झाल्यामुळे, आणि मग मोडलेल्या हाडापेक्षा अंथरुणाला खिळणं वाईट.

घरी एक साधी तपासणी करता येते. भिंतीला टेकवून ठेवलेली बिनहाताची खुर्ची घ्यायची, आपली जेवणाच्या टेबलाची चालेल. दोन्ही हात छातीवर घडी करून बसायचं आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था म्हणते, ७० ते ७४ च्या पुरुषाला किमान १२ वेळा जमायला हवं आणि ६५ ते ६९ च्या बाईला ११ वेळा. बाबा, घड्याळ आईने धरायचं आणि शेजारी उभं राहायचं. मग अदलाबदल. कमी आकडा आला तर वाईट वाटून घ्यायचं नाही, मला खरा आकडा सांगायचा. बाबांचं ब्लड प्रेशर आहे, म्हणून आधी तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा. त्यांनी हो म्हटलं की हेच उठणं-बसणं रोज सकाळी चहाच्या आधी, जमेल तितकं. ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर थोडं उभं राहणं हेही. जागतिक आरोग्य संघटनेने ६५ च्या पुढच्या माणसांना आठवड्यातून निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करायला सांगितले आहेत, ते उगाच नाही.

आणि संध्याकाळचं जेवण. आई, चहा-खारी खाऊन ‘भूक नाही’ म्हणत दोघंही पेजेवर झोपता, ते मला पटत नाही. आपल्या इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या हिशेबाने किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. बाबांचं वजन ६४, म्हणजे साधारण ५३ ग्रॅम. पातळ आमटीच्या दोन वाट्यांत ते भागत नाही. वरण घट्ट करा. मुगाचं घावन, ताक, दूध, जे सोसेल ते. बाबांना अंडं चालतं, एका अंड्यात ६ ग्रॅम असतात, तर दोन उकडून द्यायला काय हरकत आहे? तुझ्या उपवासाच्या दिवशी साबुदाण्यापेक्षा राजगिरा आणि दाणे बरे.

हे सगळं मी हक्काने सांगते आहे. तुम्ही मला वाढवताना ताटात काय पडतं ते बघितलंत, आता मला तुमचं ताट बघू द्या.

गणपतीला आम्ही चौघंही येतो आहोत. जनशताब्दीची तिकिटं मिळाली आहेत, जाताना चिपळूणला उतरू, येतानाचं अजून वेटिंग आहे. मोदक मी खाणार, तुपाची धार सोडून खाणार, त्यात काहीही काटछाट नाही, तेव्हा नारळ मोजके काढून ठेवू नकोस. या वेळी पातोळ्या मी करते, तू बसून सांग. आणि पहाटे तुम्हा दोघांना घेऊन वाशिष्ठीच्या पुलापर्यंत चालत जायचं माझ्या मनात आहे, झेपेल तिथपर्यंत.

बाबा, तुमच्या त्या गुळगुळीत झालेल्या चपला घालून पावसात बाहेर पडू नका. तळाला पकड असलेले बूट मी इथून घेऊन येते. कोऱ्या कागदावर दोन्ही पाऊलं ठेवून पेन्सिलीने कड काढा, आईचीही काढा, आणि त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. शेजारी पट्टी ठेवायला विसरू नका, म्हणजे माप कळेल. संध्याकाळी काढलेत तर बरं, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, बूट मग आवळत नाहीत.

नातवंडांचा नमस्कार. जावयांनीही सांगितला आहे.

तुमची,
मोठी लेक