पाण्याचं पुन्हा एकदा

चि. मनू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा सोनोग्राफीचा रिपोर्ट दादाकडून कळला. डाव्या बाजूला 4 मिमीचा मुतखडा. एवढा बारीक बहुतेक वेळा आपणहून पडतो, हे मलाही ठाऊक आहे, तेव्हा घाबरून लिहीत नाहीये. पाणी किती पितेस?

साइटवर बायकांसाठी धड बाथरूम नाही म्हणून तू दिवसभर घोटभर पाण्यावर काढतेस, हेही त्यानेच सांगितलं. उन्हात उभं राहून घाम गाळायचा आणि वर पाणी तोडायचं! लघवी दाट झाली की त्यातलं कॅल्शियम आणि ऑक्झलेट विरघळलेलं राहत नाही, खडे धरायला लागतात. दिवसाला अडीच लिटर तरी लघवी व्हायला हवी. लघवीचं म्हणतेय मी, पाणी त्याहून जास्त लागणार. कंत्राटदाराला सळ्या सोडून पुन्हा बांधायला लावलेस म्हणे. सगळ्यांना सांगत सुटले होते मी. आणि बाथरूम मागायला लाजतेस?

बाबांची ती रात्र आठवते? पलंगाचा खूर धरून जमिनीवर, ना बसवत होतं ना पडवत. तू गरम पाण्याची पिशवी दोन्ही हातांनी त्यांच्या पाठीला लावून उभी. त्याआधी मी त्यांना कधी कण्हताना ऐकलं नव्हतं. पुढे खडा त्यांना दुसऱ्यांदाही झालाच. घरात कुणाला असला की मुलांना धोका जास्त, म्हणून जीव खाली-वर होतो.

दूध कुणाच्या सांगण्यावरून बंद केलंस? खाण्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं. ते कमी केलं तर ऑक्झलेट जास्त लघवीत उतरतं. कमी करायचं तर मीठ कर, त्याने लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. आणि व्हिटॅमिन सीच्या त्या मोठ्या डोसच्या गोळ्या डॉक्टरांना दाखव. त्यांचंही शरीरात ऑक्झलेट होतं.

झालं माझं व्याख्यान. रागावू नकोस, पाण्याचं एकदाच लिहायचं ठरवलं होतं.

पण कळ येऊन ताप भरला, थंडी वाजली किंवा लघवी अडली, तर अर्ध्या रात्रीसुद्धा दवाखाना गाठ. स्लॅब थांबला तरी चालेल.

तुझी,
आई

ता. क. खडा पडला तर टाकू नकोस, गाळणीत धरून तपासायला दे. कॅल्शियमचा की युरिक अ‍ॅसिडचा, त्यावर पथ्य ठरतं. बाबांचा तसाच वाहून गेला होता. आणि बाटली मोठी घे.