मशेरीच्या डब्यावर चित्र नसते

संपादक महोदय,

३१ मेचा जागतिक तंबाखूविरोधी दिन जवळ आला की फलक लागतात, गुटखा पकडल्याच्या बातम्या छापून येतात. त्या वाचताना मला दरवेळी आरे कॉलनीतले पाडे आठवतात. तिथल्या वारली आणि मल्हार कोळी मुलांना मी बरीच वर्षे शिकवले. त्यांच्या आया गुटखा खात नव्हत्या, मशेरी लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डब्यात भरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने हिरड्यांवर घासायची.

राज्यात गुटखाबंदी २०१२ मध्ये आली. २०१६ पासून तंबाखूच्या पुडीची ८५ टक्के जागा इशाऱ्याच्या चित्राने व्यापलेली असते. पण घरी भाजलेल्या मशेरीच्या डब्यावर चित्र कोण लावणार? शिवाय तिथे मशेरीला कोणी व्यसन म्हणतच नाही, ते दातांचे औषध. ‘बाई, दाढ ठणकली की मशेरी लावायची, थांबतं,’ असे मला एका विद्यार्थ्याच्या आईने सांगितले होते. दाढ घटकाभर बधिर होते हे खरेच, म्हणून तर सवय सुटत नाही. खाली हिरडी झिजत राहते.

त्याच बाईंच्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. दुखत नव्हता, म्हणून त्या कुठे गेल्या नाहीत. कर्करोगाआधीचे असे चट्टे सुरुवातीला बहुधा दुखतच नाहीत, हे पाड्यावर कोणी सांगितलेले नव्हते. पुढे घास गिळवेना तेव्हा परळच्या मोठ्या रुग्णालयाची वाट धरली. पाड्यावरून स्टेशन, मग लोकल, मग रांग. म्हणजे कामावर खाडा आणि सोबत येणाऱ्याचाही खाडा. मी सोबत गेले होते. एवढा उशीर का केला, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र फार लाज वाटली. इतकी वर्षे मी त्यांच्याशी बोलत होते, पण तोंड उघडून दाखवा असे एकदाही म्हटले नव्हते.

वर्षानुवर्षांच्या जुन्या सवयी एका भाषणाने जात नाहीत, हे मला कळते. पण तोंड तपासायला मोठे यंत्र लागत नाही. महापालिकेच्या आरोग्यसेविका घरोघरी जातात, त्यांच्याकडे एक बॅटरी द्यावी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, तीन बोटे उभी न मावणारा जबडा दिसला की नाव लिहून घ्यावे. आणि दंतवैद्य महिन्यातून एका रविवारी पाड्यावर यावा, कारण त्या दिवशी बायका घरी सापडतात. दाढेवर खरा इलाज मिळाला, तरच मशेरीचा डबा बाजूला ठेवा असे त्यांना सांगता येईल.

— एक निवृत्त शिक्षिका, गोरेगाव (पूर्व), मुंबई