पेशीद्रव्य म्हणजे नुसती जेली नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी आठवीत आहे. परवा तिची विज्ञानाची वही चाळत होते, पेशीचं चित्र छान काढलंय, केंद्रक, तंतुकणिका, सगळ्यांना बाण दाखवून नावं दिलीत आणि मधे जी मोकळी जागा उरली तिथे लिहिलंय पेशीद्रव्य, जेलीसारखा पदार्थ. बस्स! वर्गात एवढंच झालं म्हणे. मी 22 वर्षं लॅबमध्ये रक्त तपासतेय, मला हे फार लागलं.

अहो, रोज मायक्रोस्कोपखाली ज्या तांबड्या पेशी बघते त्यांच्यात केंद्रक नसतं, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका पण नसतात, तयार होतानाच त्या हे सगळं काढून टाकतात आणि तरी साधारण 120 दिवस रक्तात फिरत राहतात, ते कशाच्या जोरावर? पेशीद्रव्याच्या. ग्लुकोज तिथेच फुटतो, एका रेणूमागे हातात फक्त 2 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) पडतात आणि तेवढ्यावर ती पेशी भागवते. हिमोग्लोबिन पण त्याच पेशीद्रव्यात ठासून भरलेलं असतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात ऑक्सिजन कमी झाला की तेच हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून त्याचे कडक दोरे होतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि पेशंट दुखण्याने कळवळतो. गडचिरोली, नंदुरबारकडच्या कितीतरी घरांत हे रोजचं आहे, तिथल्या मुलांना तरी हे नीट समजायला हवं ना.

आणि ही जेली स्थिर पण नसते. इटलीत कोर्ती नावाच्या शास्त्रज्ञाने 1774 मध्ये कारा नावाच्या पाणशेवाळात ती वाहताना पाहिली होती, आपली मुलं मात्र अजून चित्रच रंगवतायत.

माझी विनंती एवढीच की तुमच्या मुलांच्या पानावर हायड्रिलाचा प्रयोग छापा. फिश टँकच्या दुकानात ही वनस्पती मिळते, पान इतकं पातळ की कापायची गरज नाही, काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात एक कोवळं पान, वर कव्हर स्लिप, की झालं. हिरवे ठिपके, म्हणजे हरितलवकं, पेशीच्या कडेकडेने एकामागे एक सरकताना दिसतात, ते स्वतः पोहत नसतात, पेशीद्रव्य त्यांना वाहून नेत असतं. लगेच दिसलं नाही तर काचपट्टी पाच-दहा मिनिटं दिव्याच्या उजेडात ठेवायची, पाणी थंड असेल तर हालचाल मंद असते.

आपली,
एक लॅब टेक्निशियन आणि पालक, नाशिक